तळघराच्या खाली कोण राहतं?

पहिल्या भेटीत लोक मला हमखास विचारतात, "प्लंबर कधी येणार?" मी समोर उभी असते, हातात मोजपट्टी, पायात गमबूट, तरी विचारतात. पूर्वी मी समजावत बसायचे, की पाणी घरात कुठून यायचं आणि वापरून झाल्यावर कुठं जायचं हे कागदावर ठरवणं माझं काम, पाइप जोडणारे मिस्त्री वेगळे. आता समजावत नाही. "आलेत," म्हणते आणि कामाला लागते.

दिवाळीच्या अंकासाठी हलकंफुलकं काहीतरी लिहा, असा निरोप आला. लोक फराळ करता करता वाचतात, तेव्हा संडासाचा उल्लेख जरा जपून करा, असंही सुचवलं गेलं. मला नेमका याचाच संताप येतो. ज्या गोष्टीवाचून माणसाचा एक दिवस निभत नाही, तिचं नाव काढलं की सगळे नाकाला पदर लावणार. नाक झाकलं की डोळेही आपोआप मिटतात, आणि मग ती घाण कोणाच्या दारात जाऊन पडली हे बघायची गरज उरत नाही. तेव्हा हलकंफुलकं जमायचं नाही. हातातली चकली खाली ठेवा आणि वाचा.

मी तळेगावची. डिप्लोमा करून या धंद्यात आले तेव्हा लोणावळ्यात बंगले होते, पण त्यांना तळघरं नव्हती. गेल्या काही वर्षांत तळघराची साथ आली. वर झोपायचं, खाली करमणूक. मोठा पडदा, गुबगुबीत खुर्च्या, कोपऱ्यात पेयपानाची सोय. एवढी पेयं प्यायची म्हटल्यावर खालीच बाथरूमही हवं. मग मला बोलावणं येतं.

तळघरातलं बाथरूम ही काय भानगड आहे, ते आधी सांगते. पाणी जात्याच आळशी. त्याला उतार दिला की ते मुकाट चालतं, कोणी ढकलावं लागत नाही. तुमच्या वरच्या मजल्यावरचं सांडपाणी म्हणूनच बिनबोभाट सेप्टिक टाकीत जातं. पण तळघर टाकीच्याही खाली असतं. तिथलं पाणी टाकीत जायचं तर त्याला चढ चढावा लागतो आणि आळशी माणूस काही आपणहून चढत नाही. म्हणून तळघराच्या जमिनीत एक बंद हौद करायचा, सगळं त्यात गोळा करायचं आणि मैल्यासाठीचा खास पंप लावून वर चढवायचं. वर गेलेलं परत खाली येऊ नये म्हणून पाइपात एकाच बाजूला उघडणारी झडप बसवायची. हौदातला वायू बाहेर जायला एक उभा पाइप थेट छपराच्या वर न्यायचा. एवढंच. यात ब्रह्मज्ञान काही नाही. पण यातली एकेक गोष्ट गाळायला माणसं किती अक्कल खर्च करतात, ते बघून मी थक्क होते.

एका हॉटेलवाल्याने झडप गाळली. "दिसत तर नाही, कशाला हवी?" असं त्याचं म्हणणं. श्रावणात रस्त्याकडचं चेंबर तुंबलं आणि सगळी आळी त्याच्या तळघरातल्या कमोडमधून वर आली. त्या दिवशी त्याच तळघरातल्या हॉलमध्ये साखरपुडा होता. नवऱ्या मुलाच्या मामांनी बूट काढून पळ काढला, तो मी डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या एकाने छपरावर जाणारा पाइप गाळला, कारण त्याने बंगल्याची शोभा जाते. मग वास कोंडला. मग त्याने उदबत्त्यांचा मोठा पुडा आणला. मला फोन करून विचारतो, "मॅडम, कुठली उदबत्ती चांगली?" मी काय सांगणार, कपाळ!

आणि जवळजवळ सगळेच करतात अशी एक चूक म्हणजे उन्हाळ्यात जागा बघणं. वैशाखात तळघर खणतात, आत ठणठणीत कोरडं, मुरूम हाताने चुरावा असा. माणूस खूश. लोणावळ्यात आषाढ काय चीज आहे हे त्याला ठाऊक नसतं. डोंगर पाणी पितो आणि मग ते ज्या वाटेने सोयीचं असेल त्या वाटेने सोडतो. खडकाला फटी असतात, त्या फटींतून पाणी वरून खाली जातं आणि उतारावर कुठंतरी झरा होऊन बाहेर पडतं. तुमच्या भिंतीला प्लास्टर आहे की इटालियन फरशी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

आता ज्या बंगल्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, त्याकडे येते. मालकांचं नाव घेत नाही. घेतलं तर त्यात त्यांनाच मोठेपणा वाटेल. मालक म्हणते, तेवढं पुरे. बंगला डोंगराच्या उतरणीवर, समोर दरी, आणि दरीच्या अलीकडे, झाडीत न दिसणारी एक वाडी. डोंगरातल्या लोकांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. घरं थोडी, शेतीचे तुकडे, बाकी मजुरी. वाडीच्या खालच्या अंगाला एक झरा. तो बारमाही, म्हणून वाडी तिथं.

बंगल्यावर झाडलोट, भांडी करायला याच वाडीतली हिराबाई यायची. माझ्याच वयाची, अंगाने काटक, बोलायला फटकळ. येताना झऱ्याची एक कळशी डोक्यावर घेऊन चढायची, कारण मालकांना तेच पाणी लागायचं. जेवणाच्या टेबलावर काचेची एक मोठी बरणी होती, खाली तोटी असलेली. ती रोज त्या पाण्याने भरायची. पाहुणे आले की मालक स्वतः पेला भरून द्यायचे. "घ्या, प्या. डोंगराचं पाणी आहे. असं पाणी पुण्या-मुंबईत कितीही पैसे टाकून मिळणार नाही." मलाही पहिल्या दिवशी दिलं. पाणी खरंच गोड होतं.

मी हौद आणि पंपाचा आराखडा काढून दिला. मालकांनी तो बाजूला सारला.

"पंप नको. पडद्याच्या पलीकडेच बाथरूम आहे. सिनेमा चालू असताना मधेच घर्रर्र आवाज आला तर काय मजा? बिघडला तर आणखी कटकट."

"मग सांडपाणी जाणार कुठं?"

"अहो, उतार आहे ना! तळघराच्या बाहेर, खालच्या बाजूला शोषखड्डा खणा. सरळ त्यात सोडा. आपोआप जिरेल."

"खाली वाडी आहे. झरा आहे."

"कुठं? मला तर इथून काही दिसत नाही. खाली जंगलच आहे."

हे वाक्य मी आजवर किती तोंडांतून ऐकलंय! खाली जंगलच आहे. पलीकडे ओढाच आहे. मागे रानच आहे. जणू कुंपण संपलं की पृथ्वी संपते. ज्या झऱ्याचं पाणी रोज टेबलावर येतं, तो कुठं आहे हे या माणसाला माहीत नव्हतं. पाणी काय बरणीत उगवतं?

मी नाही म्हटलं. मालक म्हणाले, पाणी खड्ड्यातून तिकडेच जाईल याला पुरावा काय? मी पुढच्या वेळी गेले तोवर खड्डा तर त्यांनी मला न विचारताच खणून घेतला होता. खणायला वाडीतलेच गडी लावले होते, त्यांना सांगितलं होतं की झाडं लावायचीत. मी खड्ड्यात उतरले. तळाला मुरूम संपून काळा कातळ लागला होता आणि कातळात बोट जाईल अशा भेगा. म्हटलं, पुरावा हवा ना? देते.

आमच्या धंद्यात गळती कुठून कुठं जाते ते कळेनासं झालं की पाण्यात रंग टाकायचा आणि तो कुठं निघतो ते बघायचं. जुनी रीत आहे. मी बाजारातून जिलबीत घालतात तो केशरी रंग आणला, चांगला भरपूर. खायचा रंग, त्याने कोणाला बाधायचं नाही. तरी टाकायच्या आधी सकाळीच हिराबाईला गाठलं.

"हिराबाई, उद्या झऱ्याला कदाचित रंग येईल. मीच टाकणार आहे. वाडीत सगळ्यांना सांगा, आजच पाणी भरून ठेवा. भिऊ नका, जिलबीचा रंग आहे."

"आमच्या झऱ्याला जिलबीचा रंग? कशापायी म्याडम?"

मी सगळं सांगितलं. तळघर, बाथरूम, खड्डा. ती ऐकत राहिली. मग हातातलं फडकं तिने बादलीत आपटलं.

"आन आमाला म्हनले झाडं लावायचीत! माझा दीरच व्हता खनायला. म्हंजी आमच्याच हातानं आमचं पानी बाटवून घेत व्हते व्हय?"

मालकांनाही सांगितलं, की उद्या झऱ्याचं पाणी आणवू नका. ते फोनवर होते. मान हलवली.

टँकर मागवला, खड्ड्यात रंग कालवला आणि टँकर रिकामा केला. खड्डा बघता बघता पाणी प्यायला. मालक वरून म्हणाले, "बघा, जिरलं की नाही?" मी म्हटलं, उद्या बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी वाडीत उतरले. ती पायवाट अशी आहे की रिकाम्या हाताने उतरतानाही मला झुडपं धरावी लागली. झऱ्यापाशी बायका उभ्या होत्या. कातळातल्या कोनाड्यातून पाणी येतं आणि खाली दगडी कुंडात साठतं, आणि ते कुंड केशरी झालं होतं. फिकट नाही, चांगलं लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्याशेजारी शोभेल असं. मी स्वतः टाकलेला रंग, मला तो तिथं दिसणार हे ठाऊक होतं, आणि तरी मी मागे सरले. रंगाच्या जागी दुसरं काय असणार होतं, ते डोळ्यांपुढे आलं.

या वाडीत झऱ्याचे नियम फार कडक. चपला लांब काढायच्या. उष्टं भांडं बुडवायचं नाही. चैत्रात सगळ्यांनी मिळून झरा उपसायचा. आणि कोणी झरा बाटवला तर तो कुंड कोरडं होईपर्यंत उपसायचा आणि उपसलेलं पाणी ज्याने बाटवला त्याच्या उंबऱ्यात नेऊन ओतायचं. गावासमोर. हिराबाईच्या सासूच्या वेळी एकदा असं झालं होतं म्हणे, त्या घरातल्या माणसाने पुढे जन्मभर झऱ्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

मी चपला काढून, साडी खोचून उपसायला लागले. रंग माझा होता. बायकांनी मला करू दिलं, हसल्याही. मग त्यांनीही हंडे लावले. उपसलेलं पाणी मात्र त्या टाकून देत नव्हत्या, एका बाजूला हंडे-कळशा भरून ठेवत होत्या. मला वाटलं, झाडांना घालणार असतील.

मी बंगल्यावर चढून आले तेव्हा मालक टेबलापाशी उभे होते. बरणी केशरी. हिराबाईने नेहमीसारखी भरली होती.

"हे काय आहे?" मालक ओरडले.

"झऱ्याचं पानी," हिराबाई शांतपणे म्हणाली. "तुमीच सांगितलंय ना, खाडा करायचा न्हाई."

मी म्हटलं, "तुमच्या खड्ड्यातलं पाणी तुमच्या टेबलावर आलंय. मिळाला पुरावा?"

मालक बरणीकडे बघत राहिले. मला वाटलं, चला, उजेड पडला. आता माणूस वरमणार. इतकी वर्षं धंद्यात काढूनही मला माणसांकडून अशी आशा वाटते, काय म्हणावं!

मालकांनी फोन काढला आणि बाटलीबंद पाण्याचे जार मागवले. तासाभरात टेम्पो दारात. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "झालं. पिण्याचा प्रश्न मिटला. आता खड्ड्याला तुमची हरकत नसावी."

पुरावा मागितला, दिला. त्याला तो पटलाही. आणि पटल्यावर त्याने काय केलं, तर स्वतःपुरती बाटली आणली! मी आराखडे गुंडाळले. "दुसरा माणूस बघा," म्हणून निघाले. तो दुसरा माणूस मिळणार, हे मला माहीत होतं. आमच्या धंद्यात दुसरा माणूस नेहमी मिळतो.

फाटकापर्यंत पोचले तर खालून पायवाटेने बायका येताना दिसल्या. पुढे हिराबाईची जाऊ, मागे रांग, सगळ्यांच्या डोक्यावर हंडे. मालकांचे पाहुणेही त्याच वेळी येऊन गाड्यांतून उतरत होते, कोणाच्या हातात फुलं, कोणाच्या हातात मिठाई. बायका त्यांच्यामधून सरळ गेल्या. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि व्हरांड्यात हंडे ओळीने मांडले. काठोकाठ केशरी पाणी. पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "अय्या, सरबत आहे का?"

हिराबाई आतून बाहेर आली, कमरेला खोचलेला पदर सोडला आणि त्या ओळीत जाऊन उभी राहिली. कामाच्या ठिकाणी, मालकाच्या दारात. तिला हे सोपं गेलं असं कोणी समजू नये.

"साहेब, तुमचं पानी आमच्याकडं उतरलंय. आमची रीत हाय, ज्याचं त्याच्या उंबऱ्यात वतायचं. कुटं वतू? हितंच का आत?"

मालक लालबुंद. "रंग या मॅडमनी टाकलाय! त्यांना विचारा!"

"व्हय, त्यांनी टाकला," हिराबाई म्हणाली. "म्हनून दिसला तरी. तुमी सोडाल त्ये दिसायचं बी न्हाई. आमची पोरं प्येत ऱ्हातील."

ज्यांनी सरबत विचारलं होतं त्या बाईंनी मालकांना विचारलं, "म्हणजे? काय सोडणार आहात तुम्ही?" आता पाहुण्यांसमोर काय सांगणार? खाली जंगलच आहे म्हणणार? जंगल तर हंडे घेऊन व्हरांड्यात उभं होतं.

"पंप लावतोय," मालक म्हणाले. "ठरलंय ते. मॅडम, तुम्ही कुठं निघालात?"

बायकांनी पाणी ओतलं नाही. हंडे उचलून फाटकाबाहेर करवंदीच्या जाळीत रिकामे केले आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच गड्यांनी तो खड्डा मातीने भरला. हिराबाईच्या दिराने त्यावर खरंच एक जांभळाचं रोप लावलं.

हौद झाला, पंप लागला, झडप आणि छपरावरचा पाइपही. मी एक गोष्ट जास्तीची केली आणि मालकांना समजावून मगच केली. लोणावळ्यात पावसाळ्यात वीज जाते. वीज गेली की पंप बंद, पण लोक कमोड वापरतच राहतात, हौद भरतो, आणि मग तो कुठंतरी वाट काढतो. म्हणून त्या बाथरूमच्या पाण्याला विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह बसवला. वीज नाही तर तिथं पाण्याचा थेंब नाही. जनरेटर घ्या म्हटलं, तर त्याचाही आवाज नको होता.

मग सगळं गोड झालं म्हणायचं का? अजिबात नाही. हिराबाईचं काम गेलं. कारण सांगितलं नाही, "आता गरज नाही," एवढंच. ती आता लोणावळ्यात चिक्कीची पाकिटं भरायला जाते, सकाळी डोंगर चढून आणि संध्याकाळी उतरून. झरा तिने वाचवला आणि भुर्दंडही तिनेच भरला. मालक मात्र पाहुण्यांना सांगतात, की आम्ही पर्यावरणाचा विचार करून खास यंत्रणा बसवली. माझ्याच एका गिऱ्हाइकाने मला हे कौतुकाने ऐकवलं. आणि त्याच उतरणीवर आता आणखी बंगले उभे राहतायत. त्यांच्या खड्ड्यांत कोणी जिलबीचा रंग टाकलेला नाही. मी गाडीतून जाताना त्या हिरव्यागार डोंगराकडे बघते तेव्हा लोकांना दिसतं ते मला दिसत नाही, आणि मला दिसतं ते त्यांना बघायचं नसतं.

यंदाच्या पावसाळ्यात, एका रविवारी भर दुपारी मालकांचा फोन आला. मागे हसण्या-खिदळण्याचा आवाज.

"मॅडम, तळघरातल्या बाथरूमला पाणीच नाही! तुमचं काम हे असलं?"

"वीज आहे का?"

"नाही. सकाळपासून गेलीय."

"मग काम बरोबर चाललंय."

"अहो, पण माझ्याकडे पाहुणे आहेत! त्यांनी करायचं काय?"

"वरचं बाथरूम वापरायचं."

"म्हणजे दर वेळी जिना चढून वर जायचं? एवढा?"

रविवारी चिक्कीच्या कारखान्याला सुट्टी असते. त्या वेळी हिराबाई डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी घेऊन त्याच डोंगरावर झऱ्याकडून घराकडे चढत असणार, पावसात, शेवाळलेल्या पायवाटेवरून.

"हो," मी म्हटलं. "एवढा."